तुरटी न फिरवलेली बादली

आमच्याकडे टँकर मंगळवारी आणि शनिवारी यायचा. त्या दोन सकाळी आई कुणाशी बोलायची नाही, एका टँकरवाल्याला सोडून.

"मावशी, पाइप नीट धरा की. निम्मं रस्त्यावर चाललंय."

"तू मोटार हळू कर. कुठं आग लागलीय का?"

"आग नाय, अजून अकरा घरं हायेत."

शहराच्या कडेला, सातारा परिसरात आम्ही रो-हाउस घेतलं तेव्हा नळ लवकरच येणार असं सांगण्यात आलं होतं. पुढच्या अंगणात तोटीही बसवून दिली होती. तिच्यातून कधी पाणी आलं नाही. आई तिच्यावर हात पुसायचं फडकं वाळत घालायची. दुष्काळाची ती वर्षं. जुन्या शहरात ज्यांच्याकडे पाइपलाइन होती तेही आठवडा-आठवडा नळाची वाट बघत होते, तर आमची काय कथा. आजूबाजूला मात्र नव्या इमारती उठत होत्या, आणि प्रत्येकीच्या फलकावर हिरवळ आणि कारंजं रंगवलेलं असायचं.

टँकरचं पाणी कुठल्या खदानीतलं असायचं की कुणाच्या विहिरीतलं, कोणी विचारत नसे. दूध जास्त झालेल्या चहासारखा त्याचा रंग. टँकर गेला की आई गाऊनची बाही वर सारून, तुरटीचा खडा मुठीत धरून टाकीत कोपरापर्यंत हात घालायची आणि फिरवायची. टाकीला एकवीस फेरे, ड्रमला अकरा. ओठ हलवत मोजायची. तासाभरात गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी वापरायला मिळायचं. आमच्या घरात पाणी म्हणजे हेच पाणी.

मी तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून परत आले होते. का सोडली हे मी घरात नीट सांगू शकले नव्हते. एका दुसऱ्या शहरात फोटोग्राफीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. प्रवेशासाठी स्वतःच्या हातानं केलेली पाच कामं घेऊन मेअखेर मुलाखतीला जायचं होतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. जूनपर्यंत तुझं. नाही झालं तर शेंद्र्याला जायचं." शेंद्र्याला माझ्या चुलतभावाचं ऑफिस होतं, तिथं माझ्यासाठी एक खुर्ची धरून ठेवलेली होती. बाबा रागानं बोलले नव्हते. त्यामुळेच त्यात बदल होणार नाही हे मला कळलं.

पाच कामं. माझ्याजवळ एकही नव्हतं.

शहागंजात एक जुना स्टुडिओ होता. शाळेपासून माझे पासपोर्ट फोटो तिथंच काढलेले. मालक म्हातारे होते, सगळं शहागंज त्यांना चाचा म्हणायचं. मी अर्जासाठी फोटो काढून घ्यायला गेले तेव्हा मागच्या फळीवर चार भिंगांचा एक कॅमेरा दिसला. कॉम्प्युटर यायच्या आधी चाचा त्यावर तातडीचे फोटो काढायचे. एकदा बटण दाबलं की एकाच फिल्मवर चार सारखे चेहरे. मग ती फिल्म ओढून बाहेर काढायची, दोन मिनिटं थांबायचं आणि सालीसारखा वरचा कागद सोलायचा. निगेटिव्ह वेगळी धुवायची भानगड नाही. एकदा आला तो फोटो, दुसरी प्रत नाही.

"चालतो का अजून?" मी विचारलं.

चाचांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "कॅमेरा चलता है, बेटा. फिल्म बुड्ढी हो गई. मेरे जैसी." त्यांच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी दोन पाकिटं होती, मुदत केव्हाची उलटलेली. एका पाकिटात दहा फिल्म. "ले जाव. यहाँ पडे-पडे मर रई है."

मी निघताना ते म्हणाले, "एक बात. हा कॅमेरा चार फुटांचा आहे. चार फुटांच्या पुढचं त्याला दिसत नाही. जवळ जायला लागेल."

मला जवळ जायची सवय नव्हती. शाळेत मी भिंतीला टेकून उभी राहायचे. पुण्यात ऑफिसच्या सहलीच्या फोटोंत मी कुठं आहे हे मलाच शोधावं लागतं.

फिल्मवरचं चित्र कागदावरून सोडवता येतं हे मी इंटरनेटवर वाचलं होतं. चित्र म्हणजे जिलेटिनचा एक पातळ पापुद्रा असतो. फोटो कढत पाण्यात ठेवला की पापुद्रा मऊ होतो, कडेनं ब्रश फिरवत राहिलं की हळूहळू सुटतो आणि पाण्यावर तरंगतो. मग खालून दुसरा जाड कागद सरकवायचा आणि तो पापुद्रा त्याच्यावर उचलून घ्यायचा. तो सुरकुततो, दुमडतो, कडा फाटतात. त्या सुरकुत्यांसकट तो नव्या कागदावर वाळतो. मला ते फार आवडलं होतं. कुठून तरी सुटून दुसरीकडे चिकटायचं, आणि सुटताना थोडं फाटलं तरी चालतं.

इंटरनेटवरच्या कृतीत लिहिलं होतं, नळाचं साधं पाणी घ्या.

पहिला फोटो मी चाचांचाच काढला, त्यांच्या दुकानात, चार फूट टेपनं मोजून. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. टँकर चालू असतानाच मी पाइपच्या तोंडाखाली पातेलं धरलं आणि ते पाणी गॅसवर ठेवलं. बोट बुडवून तीन मोजेपर्यंतही ठेवता आलं नाही, तेव्हा गॅस बंद केला. फोटो आत सोडला. चार-पाच मिनिटांत एका कोपऱ्यात बुडबुडा आला, कडा उचलली गेली, आणि चार चाचा एकमेकांचा हात धरल्यासारखे पाण्यावर आले. कागजीपुऱ्याला हातानं बनवतात तो जाड हातकागद मी खाली सरकवला. पहिल्या खेपेला तो वाकडा गेला, दुसऱ्या खेपेला बसला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधी आली मला कळलं नव्हतं.

"दुधावरच्या साईवानी निघालं गं," ती म्हणाली. आणि पीठ मळायला निघून गेली.

तो कागद मी चाचांना देऊन टाकला. मला वाटलं, आता काय, असे कितीतरी होतील.

पुढच्या मंगळवारी माझ्या खोलीच्या दाराशी एक निळी बादली होती. झाकण घातलेलं, वर स्वच्छ फडकं. आत इतकं नितळ पाणी की तळाची कंपनीची अक्षरं वाचता येत होती. "ही तुझी," आई म्हणाली. "ड्रमला हात नको लावू."

मला ते लागलं. घरात पाणी मोजून वापरायचं हे मला कळत होतं. मी वापरलेलं पाणी संडासात टाकायला ठेवतही होते. पण एखाद्याची ताटवाटी वेगळी काढावी तशी माझी बादली वेगळी काढली गेली असं मला वाटलं. नोकरी सोडून आलेल्या मुलीचे लाड एका बादलीपुरते, त्यापुढे नाही. आमच्यात न बोलणं जुनंच होतं. लासूर स्टेशनच्या शेतकरी घरातून आलेल्या आईनं मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट धरला होता, आणि मग त्याच शाळेच्या पालकसभेला ती फाटकाबाहेर उभी राहायची. "आत काय बोलायचं मला," म्हणायची. मी आत एकटी बसायचे आणि बाई जे सांगतील ते घरी येऊन निम्मंच सांगायचे.

त्या बादलीच्या पाण्यात पुढचे फोटो सुटले नाहीत.

आधी वाटलं पाणी पुरेसं गरम नाही. मी ते उकळलं. पापुद्रा कागदाला धरूनच राहिला. ब्रशनं ढकललं तर तुकडे पडले, पापडासारखे. फोटोतले टँकरवाल्याचे पाइप धरलेले हात मोडले. समोरच्या अर्धवट इमारतीचा वॉचमन, ज्याच्यापासून चार फुटांवर उभं राहायला मला तीन दिवस धीर गोळा करावा लागला होता, त्याचे चारही चेहरे चिरले. पहिलं पाकीट संपलं. दुसऱ्या पाकिटातल्या तीन फिल्ममधलं रसायन वाळून गेलेलं निघालं, दोन बादलीच्या पाण्यात बिघडल्या. पाच उरल्या. आणि मला पाचच हव्या होत्या.

आई येता-जाता बघायची. टेबलावर तुकडे वाळत पडलेले असायचे. ती काही विचारायची नाही, मी सांगायचे नाही. बादली मात्र दर वेळी आधीपेक्षा नितळ यायची.

मी तुकडे एका पाकिटात घालून चाचांकडे गेले. त्यांनी एका तुकड्यावर अंगठ्याचं नख ओढून पाहिलं.

"ये तो कडक हो गया. पानी कौनसा लेते?"

"टँकरचं."

"उसमें फिटकरी फिराते घर में?"

"हो. आई फिरवते."

चाचा हसायला लागले. "फिर मेरे को क्या पूछने आई? अम्मा को पूछ." मग खुर्चीत मागे टेकून त्यांनी मला मराठीत सांगितलं, "अगं, उन्हाळ्यात इथलं पाणीच एवढं गरम, फोटो धुताना वरचा मसाला, तोच तुझा पापुद्रा, वितळून हातात यायचा. नवरीचं नाक ओघळून हनुवटीवर! गिऱ्हाईक मारायला उठायचं. म्हणून आम्ही धुवायच्या औषधात तुरटी टाकायचो. तुरटीनं मसाला पक्का होतो. मग कढत पाण्यात टाक, काही कर, सुटत नाही. आम्ही तुरटी टाकायचो फोटो टिकावा म्हणून, आणि तुला सोडवायचाय."

शनिवारी टँकर आला तेव्हा मी अंगणात उभी राहून पाहिलं. आईनं टाकीला एकवीस फेरे केले, ड्रमला अकरा. मग निळी बादली पुढ्यात ओढली आणि तुरटी फिरवायला लागली. मी मनात मोजत होते. पंधरा. वीस. तीस. एकेचाळीसला ती थांबली.

"एका बादलीला एवढं?" मी विचारलं.

"तुझ्या कामाला सोच्छ लागतं ना," ती हात तसाच पाण्यात ठेवून म्हणाली. "त्या दिवशी ते साईवानी निघालं, तवा पाणी कसलं गढूळ होतं. म्हटलं चांगलं पाणी मिळालं तर किती चांगलं होईल. तर तुझं बिघडायलाच लागलं. मग म्हटलं अजून निवळ पायजे."

मी "हं" म्हणाले.

एवढंच. जे सांगायचं ते एका वाक्याचं होतं. पण ते माझ्याजवळ इंग्रजीत होतं नाहीतर चाचांच्या बोलीत, आणि कुठल्याही भाषेत त्याचा अर्थ एकच निघत होता: पंधरा फिल्मपैकी चांगल्या निघालेल्यांची माती तुझ्या हातानं झाली. मी त्याऐवजी कॅमेरा आणला.

"अगं, गाऊनवर काढतीस? थांब, खांद्यावर टॉवेल तरी घेते."

"हात काढू नकोस पाण्यातून."

"लोक काय म्हणतील, मोरीतली बाई."

"चार फुटांवर थांब," मी स्वतःलाच म्हणाले, आणि बटण दाबलं. कागद सोलला तेव्हा चार आया होत्या, चौघींचा हात बादलीत, चौघी एकाच वेळी हसू दाबत असलेल्या. माझ्याजवळच्या फोटोंत तो सगळ्यांत चांगला होता. बाकी चार मी दोन दिवसांत काढले: फडकं घातलेली तोटी, टँकरवाल्याचे हात पुन्हा एकदा, वॉचमन पुन्हा एकदा, आणि कारंज्याच्या चित्राला टेकून बसलेली एक बांधकामावरची बाई.

यापुढचं मी चोरून केलं. टँकरच्या पाइपमधलं शेवटचं पाणी मी रंगाच्या रिकाम्या डब्यात धरून गच्चीवर नेऊन ठेवायचे आणि नुसतं निवळू द्यायचे. त्याला दोन दिवस लागायचे. आईनं भरलेली निळी बादली मी ती आंघोळीला गेली की ड्रममध्ये ओतायचे, म्हणजे पाणी वाया जायला नको. माझ्या मते यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. गच्चीवरच्या पाण्यात चारही फोटो सुटले. साईवानी. मातीचे बारीक कण त्यांच्यात अडकले, वाळल्यावर दिसायचे. मला ते चालले. आईचा फोटो मी शेवटी ठेवला होता.

पुढच्या शनिवारी मी ड्रममध्ये बादली ओतत होते आणि आई टॉवेल विसरली म्हणून परत आली.

ती ओल्या पायांनी तिथंच थांबली. बादली माझ्या हातात तिरकी होती. थांबवलं असतं तरी उपयोग नव्हता, म्हणून मी ती पूर्ण ओतली.

"व्हय," आई म्हणाली. "नको होतं तर सांगायचं होतं. मी आपली फिरवत बसते."

"तसं नाही—"

"नाय, ठीक हाय."

मंगळवारी टँकर आला. टाकी भरली, ड्रम भरले. निळी बादली अंगणात उन्हात पालथी घातलेली होती. दिवसभर ती तशीच होती. मुलाखत शुक्रवारी होती. चार कामं झाली होती, पाचवा फोटो टेबलावर होता, गच्चीवर पाणी निवळत होतं. एक तास पुरला असता.

बुधवारी दुपारी बाबा बाहेर होते. आई गहू निवडत बसली होती. मी दोन पातेली घेतली. एकात ड्रममधलं पाणी घेतलं, एकात गच्चीवरचं. दोन्ही गॅसवर ठेवली. मग आईचा फोटो आणि कात्री घेऊन तिच्यासमोर बसले, आणि फोटो मधोमध कापला. दोन आया इकडे, दोन तिकडे.

"ये! काय करतीस? माझाच हाय ना तो?"

"बघ."

मी दोन अर्धे दोन पातेल्यांत सोडले. आईनं गव्हाचं ताट बाजूला ठेवलं आणि उठून शेजारी उभी राहिली. आम्ही दोघी कढत पाण्याकडे बघत होतो. गढूळ पातेल्यात कडा उचलली गेली, मी ब्रश फिरवला, आणि दोन आया अलगद वर आल्या, हात बादलीसकट वाकडा होऊन. दुसऱ्या पातेल्यात पाणी स्वच्छ होतं. तिथं काहीच झालं नाही. मी ब्रशनं ढकललं. एक कपचा निघाला, कपाळाचा. बाकी सगळं कागदाला घट्ट.

"हे कुठलं पाणी?" आईनं विचारलं.

"ड्रमचं."

"आणि ते?"

"तसंच. काही न फिरवलेलं."

स्वच्छ पातेल्यात बोट घालून तिनं तो कपचा फोटोतल्या स्वतःच्या कपाळावर परत दाबून पाहिला, बसतोय का. बसला नाही.

"तुरटीनं धरलं म्हणायचं."

"हो."

"म्हंजे मीच बिघडवत होते. इतके दिवस."

"तुला माहीत नव्हतं."

"तुला होतं की." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत झालं तवा सांगायचं होतं. तोंड नव्हतं का? एवढं शिकवलं."

पापुद्रा गार होऊन आक्रसायला लागला होता. आईनंच हातकागद उचलला आणि म्हणाली, "कुठून घालू खाली? सांग लवकर." मी सांगितलं तसा तिनं तो सरकवला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

पाचवं काम म्हणून मी ते दोन्ही अर्धे एकाच कागदावर लावून नेले. डावीकडे सुरकुतलेल्या, सुटलेल्या दोघी. उजवीकडे मूळ कागदालाच धरून राहिलेल्या, एकीला कपाळ नसलेलं. मुलाखतीला तिघं होते. पहिली चार त्यांनी पटापट उलटली. पाचव्यावर एक बाई थांबल्या आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे असं दोन तऱ्हांचं का केलं, यामागे काय विचार आहे. इंग्रजीत मला पुष्कळ सांगता आलं असतं. मी म्हणाले, ते आईला दाखवायला केलं होतं. मग त्यांनी काहीतरी लिहिलं.

यादी लागली तेव्हा तीत माझं नाव नव्हतं.

जुलैपासून मी शेंद्र्याला जाते. खिडकीतून करमाडकडे जाणारा रस्ता दिसतो आणि दुपारी ओळीनं टँकर दिसतात. ऑफिसात माझ्याशी कोणी वाईट वागत नाही. मी डबा माझ्या टेबलावरच खाते. चाचांनी चौकशी करून सांगितलं, तसली फिल्म आता कुणी बनवत नाही. कॅमेरा परत न्यायला गेले तर म्हणाले, "रख ले. मैं क्या करूँ उसका?"

पहिल्या आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी घरी आले तर खोलीच्या दाराशी निळी बादली होती. झाकण घातलेलं, वर फडकं. उघडली तर चहाच्या रंगाचं पाणी.

"कच्चं ठेवलंय," आई आतून म्हणाली. "हात नाय लावला."

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शनिवारी ती असते. फिल्म संपली, हे मी अजून आईला सांगितलेलं नाही. ती कधी विचारत नाही की आता काय करतेस. मी बादली गच्चीवर नेते, दोन दिवस निवळू देते आणि त्या पाण्यानं तोंड धुते. थोडी माती राहते.